पावणेसातची चूप

धुरपदाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाच्या काचेवर शेंदराचे दोन पट्टे आहेत. पोळीतून बारीकसा त्रिकोण कापून घ्यावा तसे. एक तीनच्या आकड्यापासून सुरू होतो, दुसरा नऊच्या. घरात नवीन माणूस आलं की त्याची नजर हमखास तिथे जाते. मारुतीला शेंदूर ठीक आहे, पण घड्याळाला? आजवर घड्याळं बदलली. पहिलं चावीचं होतं, मग लंबकाचं आलं, आता सेलवरचं आहे. पण भिंतीवर टांगायच्या आधी दर नव्या घड्याळाला धुरपदाबाईंच्या करंगळीने तेलात कालवलेला शेंदूर लागतोच.

संध्याकाळी पावणेसातला मोठा काटा नऊवर येतो तेव्हा देवापुढची समई लागलेली असते आणि घर एकदम गप्प होतं. टीव्हीचा आवाज बंद होतो, कढईतला झारा थांबतो, दारात कुणी हाक मारली तरी आतून ओ येत नाही. काटा शेंदरातून बाहेर पडला की पुन्हा भांडी वाजायला लागतात. जेमतेम तीन मिनिटं. मुक्ताईनगरजवळच्या त्या केळीच्या गावात याला सगळे ‘धुरपदाकाकूची चूप’ म्हणतात, आणि गल्लीतली पोरं चालायला लागली की हेही शिकतात की या वेळी त्या अंगणात चेंडू गेला तर मुकाट उभं राहून वाट बघायची.

ही चूप घरात आणली ती उखर्डू आबांनी, म्हणजे धुरपदाबाईंच्या यजमानांनी. आणि ती जगातून केव्हाच उठून गेली आहे, हे पंचवीस वर्षं पोटात ठेवलं तेही त्यांनीच.

आबा आता सत्तरीला आलेत. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून त्यांच्या आईने, यशोदाबाईंनी, या पोराला सुपात घालून क्षणभर उकिरड्यावर टेकवलं आणि नाव ठेवलं उखर्डू. यमाने नाव ऐकून नाक मुरडावं आणि पुढच्या दारी जावं, एवढाच हेतू. यमाने ऐकलं. पुढे मात्र याच नावापायी देशोदेशीच्या बंदरांतल्या अधिकाऱ्यांच्या जिभा अडखळल्या. जहाजावरच्या खलाशांनी तो त्रासच घेतला नाही. रेडिओच्या खोलीत बसणारा कुणीही असो, त्यांच्यासाठी तो ‘मार्कोनीसाहेब’. घरी उखर्डू आणि समुद्रावर मार्कोनीसाहेब, अशी दोन नावं आबा वर्षानुवर्षं दोन सदऱ्यांसारखी बदलत आले.

तारेचं वेड आबांना लागलं भुसावळला. त्यांचे झुलालमामा रेल्वेत तारबाबू होते. सुटीत भाचा गेला की मामा त्याला तारघरात बाकावर बसवून ठेवत. पितळी खटका आपला कट्ट-कडकट्ट वाजत राही, आणि मामा बशीतून चहा पिता पिता मध्येच म्हणत, खंडव्याला मालगाडी अडकली. पोराला वाटायचं, मामाच्या कानात कुणीतरी येऊन सांगून जातं. पुढे कॉलेज संपलं तेव्हा मामांनीच वाट दाखवली. रेल्वेत तारेचे दिवस भरत आले, म्हणाले, तू समुद्रावर जा. तिथे अजून कायदा आहे.

तो कायदा आबा अजूनही आरतीसारखा धडाधड म्हणून दाखवतात. मोठ्या जहाजावर सरकारी प्रमाणपत्र असलेला रेडिओ ऑफिसर पाहिजे म्हणजे पाहिजे. माल भरलेला असो, इंजीन सुरू असो, कप्तान कितीही पाय आपटो, तो माणूस शिडी चढल्याशिवाय जहाजाने बंदर सोडायचं नाही. आणि प्रमाणपत्र काही फुकट मिळत नव्हतं. कानाला हेडफोन लावून तारेच्या भाषेतली टिंबं आणि रेघा ऐकायच्या, मिनिटाला वीस-पंचवीस शब्द कागदावर उतरवायचे, तेवढ्याच वेगाने बोटाने पाठवायचे, शिवाय यंत्र उघडून बिघाड शोधून दाखवायचा. मुंबईला शिकत असताना आबा खाणावळीत ताटावर चमचा वाजवत बसायचे म्हणून वाढपी चिडायचा. त्याला वाटे, पोळी लवकर मागतोय. पहिल्या खेपेला ते नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास होऊन निघाले. यशोदाबाईंनी पेढे वाटून गावभर सांगितलं, आपला उखर्डू रेडिओचा ऑफिसर झाला. आठवड्याभरात लोक बिघडलेले ट्रान्झिस्टर घेऊन दारात उभे. आबांनी तेही दुरुस्त करून दिले.

लग्न झालं ते सोनगीरच्या धुरपदाबाईंशी. धुळ्याकडची मुलगी, बोलण्यात ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘सगळ्या’ला ‘बठ्ठा’. इकडच्या जावा-नणंदा तोंडाला पदर लावून हसायच्या. माहेराहून त्यांनी सोनगीरची पितळी समई आणली होती, तीच आजही देवापुढे आहे. हळद अंगावरून उतरली नव्हती तोच, तिसऱ्या दिवशी, तार आली. कांडल्याला जहाज भरून उभं आहे, त्याच्या रेडिओ ऑफिसरला पोटदुखीने दवाखान्यात नेलंय, ताबडतोब निघा. आबांचे वडील म्हणाले, लग्न आहे म्हणून कळव. आबा म्हणाले, कळवून भागत नाही, माझ्याशिवाय जहाज हलू शकत नाही. यशोदाबाईंना हे पटेना, पण मनातून आवडलं. गावाएवढं जहाज, त्यावर एवढी माणसं, आणि अडलं कुणावाचून तर आपल्या उखर्डूवाचून.

धुरपदाबाईंना अजिबात आवडलं नाही. दाराआडून त्यांनी नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलून घेतलं.

“कोनता कायदा शे हाऊ, तिसरा दिनले मानूस लई जास?”

 आबांनी बॅग उचलली आणि भुसावळची गाडी धरली.

पुढच्या सुटीला ते आले तेव्हा मात्र धुरपदाबाईंनी सगळं विचारून घेतलं. जहाजावर झोपता कुठे, शिधा कोण देतं, दिवसभर त्या खोलीत करता काय. आबांनी त्यांना खोलीतल्या घड्याळाचं सांगितलं. त्याच्या तबकडीवर दोन तांबडे पट्टे असतात. काटा त्या पट्ट्यात आला की समुद्रावरच्या सगळ्या जहाजांनी हात आवरायचा. कितीही निकडीची तार असू दे, खटक्याला बोट लावायचं नाही. नुसतं ऐकायचं. एखादं जहाज कुठे बुडत असेल, त्याच्या रेडिओत फारसा जीव उरला नसेल, तर त्याची बारीक हाक इतरांच्या गलबल्यात दबून जाऊ नये म्हणून तासातून दोनदा सगळ्या दुनियेने चूप बसायचं.

धुरपदाबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. त्यांनी एकच शंका काढली, तुमचं घड्याळ वेगळं नि आमचं वेगळं, मग मेळ कसा बसणार? आबा म्हणाले, तास बदलतो, मोठा काटा तोच.  दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरच्या घड्याळाला शेंदूर लागलेला होता. तासातून दोनदा गप्प बसून सासर चालत नाही, म्हणून दिवेलागणीची एकच चूप त्यांनी धरली. तुम्ही तिकडे ऐकाल, मी इकडे ऐकेन, एवढाच त्यांचा हिशेब.

यशोदाबाई आधी कुरकुरल्या, सुनेला काय लागलंय म्हणून अंगारा लावून पाहिला, आणि मग महिन्याभरात स्वतःच माळ घेऊन शेजारी बसायला लागल्या. शेजारच्या शेवंताबाईंनी तर चुपेचा फायदा काढला. बरोबर त्या वेळी वाटी घेऊन यायच्या, साखर मागायच्या, आणि धुरपदाबाईंना नाही म्हणता येत नाही हे पाहून डबा स्वतःच उघडायच्या. कित्येक महिने हे चाललं. मग एके दिवशी शेवंताबाईंच्या भावाचा अपघात झाला, तेव्हा त्या रिकाम्या हाताने आल्या आणि चुपेत बसून गेल्या. साखर त्यानंतर कधी मागितली नाही.

आबांना जहाजावर हे पत्रातून कळलं. त्यानंतर काटा तांबड्यात आला की हेडफोनमधल्या त्या शांततेत त्यांना आपलं स्वयंपाकघर आठवायचं. तशी ती शांतता काही कोरडी नसते. आत वारा असतो, दूरच्या विजांची खरखर असते, आणि आत्ताच बोलणारे शेकडो जण श्वास धरून बसलेत हे कानाला समजतं. आबांनी जगभरातले रेडिओवाले याच कानाने ओळखले. तोंड कुणाचं पाहिलं नव्हतं, नाव कुणाचं विचारलं नव्हतं. जहाजाच्या सांकेतिक नावाची चार अक्षरं आणि हाताची ढब, एवढीच ओळख. कुणाचा हात सपासप, कुणाचा लाजरा, एक जण शेवटचं टिंब असं टोचून द्यायचा की आबांना हसू यायचं. खलाशांच्या घरच्या बातम्या आधी आबांच्या कानातून जायच्या. कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, हे त्या माणसाच्या आधी त्यांना कळायचं. मग तो कागद हातात घेऊन ते शिड्या सावकाश उतरायचे.

आणि एकदा, अरबी समुद्रात, त्या तांबड्या पट्ट्यातच एक हाक आली. इतकी बारीक की आबांना आधी आपल्याच कानाचा भास वाटला. बॅटरीवर चाललेला रेडिओ, दमलेला हात. रेघ लांबायची आणि टिंबाशी येऊन अडखळायची. आबांनी उत्तर दिलं, कप्तानाला उठवलं, आजूबाजूच्या जहाजांना कळवलं. त्यातलं एक जहाज जवळ होतं, ते आधी पोचलं आणि माणसं काढली गेली. आबांच्या जहाजाने आपली वाट पुन्हा धरली. तो हात कुणाचा होता, हे त्यांना कधीच कळलं नाही.

नव्याण्णव साली आबा घरी आले ते कायमचे.

झालं असं की उपग्रहावर चालणारी यंत्रं आली. बटण दाबलं की जहाजाचं नाव, ठिकाण, संकट, सगळं आपोआप किनाऱ्याला कळतं. मग साऱ्या जगाचा नियम बदलला. जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनीच थोड्या दिवसांचा कोर्स करून रेडिओचं प्रमाणपत्र घ्यायचं. वेगळा रेडिओ ऑफिसर असलाच पाहिजे, ही अट गेली. टिंबं-रेघा गेल्या, आणि त्यांच्याबरोबर तांबड्या पट्ट्यांची चूपही गेली. आबांनी तो नवा कोर्ससुद्धा केला, पासही झाले. पण जे प्रमाणपत्र आता प्रत्येक अधिकाऱ्याच्या खिशात होतं, त्यासाठी आणखी एक माणूस कोण पोसणार? विशाखापट्टणमला कप्तानाने हात हातात घेतला, चार चांगले शब्द बोलला. आबा पेटी घेऊन धक्क्यावर उतरले आणि उभे राहिले. दोर सुटले, भोंगा वाजला, आणि जहाजाने बंदर सोडलं. त्यांच्यावाचून.

हे घरी कसं सांगायचं, याची जुळवाजुळव ते गाडीत बसून भुसावळपर्यंत करत आले. आणि दारात पाऊल ठेवल्यावर तोंडातून निघालं ते एवढंच, “आता जात नाही.”

धुरपदाबाईंनी पुढे काही विचारलंच नाही. आदल्या वर्षी त्यांनी मुक्ताईला नवस बोलला होता: यांना कायमचं घरी आण, तुझी ओटी भरीन, घरापासून अनवाणी चालत येईन. त्यांनी खण-नारळ घेतलं, चपला दारात सोडल्या आणि चालू लागल्या. गावाने आपापसात बोलून गोष्ट पुरी केली. उखर्डूने घरासाठी समुद्र सोडला. एवढा साहेब माणूस, पण बायकोचा शब्द मोडला नाही. लोक कौतुकाने बघायचे आणि आबा केळीच्या बागेत लवकर निघून जायचे. संध्याकाळी चुपेत पुन्हा तेच. तुम्ही घरी आलात म्हणून काय झालं, धुरपदाबाई म्हणाल्या, बाकीची जहाजं आहेत ना समुद्रावर. आबा त्यांच्याशेजारी बसले. उद्या सांगू, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं. तो उद्या केळीच्या किती बागा आणि पिलबागा उभ्या राहून कापल्या गेल्या तरी आला नाही.

तो आला यंदा, आणि आणला पुतण्याने. हितेंद्र हा धाकट्या ज्ञानेश्वरभाऊंचा मुलगा. आबांच्या गोष्टी ऐकत मोठा झाला आणि जहाजाच्या शिक्षणाला गेला. आता पास होऊन तिसऱ्या अधिकाऱ्याच्या जागेवर त्याची नेमणूक झाली होती. रेडिओचं ते प्रमाणपत्रही त्याने मुंबईला नुकतंच घेतलं होतं, कारण त्यावाचून या जागेवर घेतच नाहीत. शनिवारी निघायचं होतं. मधल्या दिवसांत तो आबांबरोबर बागेत जायचा.

बुधवारी सकाळी आबा ठिबकच्या नळीचं एक बुजलेलं तोंड टाचणीने मोकळं करत होते. हितेंद्र केळीच्या सावलीत उभा राहून बराच वेळ घुटमळला.

“आबा, कोर्सला सर म्हणाले की ती चुपेची वेळ पूर्वी होती. नव्याण्णवलाच उठली.”

“उठली.”

“मोठ्या आईला माहीत आहे?”

आबांनी टाचणी सदऱ्याच्या खिशाला टोचून ठेवली. “नाही.”

मग हितेंद्रने खरी अडचण सांगितली. शुक्रवारी मोठी आई, म्हणजे धुरपदाबाई, त्याला मुक्ताईच्या देवळात नेणार होती. तिथे पायरीवर हात ठेवून त्याने वचन द्यायचं होतं की जहाजावर काटा तांबड्यात आला की मी हातातलं काम ठेवून ऐकेन. घरचा एक माणूस पुन्हा समुद्रावर जातोय, म्हणून तिने दोन दिवस जेवणही कमी केलं होतं. हितेंद्र म्हणाला, तुमचं बिंग फोडायचं म्हणून नाही सांगत आबा, पण देवळात उभं राहून मला खोटं बोलता येणार नाही.

आबांनी त्याला काही दोष दिला नाही. दिवसभर ते बागेतच राहिले. चुपेचं सांगणं सोपं होतं. पण त्या एका धाग्याला हात लावला की सगळा पदर उसवणार होता. चूप उठली कधी? नव्याण्णवला. तुम्ही आलात कधी? नव्याण्णवला. म्हणजे यांनी समुद्र सोडलेलाच नाही; यांना काढलं. मग नवस कोणता, मुक्ताईने आणलं कुठे, आणि त्या अनवाणी चालण्याला अर्थ काय? आपली लाज गेली तर जाऊ दे, आबांना वाटलं, पण म्हाताऱ्या माणसाच्या पायाखालून देव काढून घ्यायचा म्हणजे काय?

गुरुवारी दुपारी धुरपदाबाई परसात चुलीवर कढई ठेवून हितेंद्रसाठी केळीचे वेफर करत होत्या. कच्चं केळं किसणीवर धरून त्या चकत्या थेट तेलात सोडायच्या. हात असा की एकही चकती दुसरीला चिकटायची नाही. आबा पाट ओढून बसले. सुरुवात कुठून करावी हे कळेना, म्हणून त्यांनी शेवटापासून केली. विशाखापट्टणमच्या धक्क्यापासून. जहाज आपल्यावाचून गेलं, ते आपण उभं राहून पाहिलं, हे सांगितलं. मग नियम, मग नवी यंत्रं, मग ती चूप. बोलताना त्यांनी चुलीकडे बघितलं, धुराकडे बघितलं, बायकोकडे बघितलं नाही.

“मी सोडलं नाही समुद्राला. जागाच काढून टाकली. तू नवस फेडायला निघालीस, तेव्हा मला खरं सांगवलं नाही.”

कढईतल्या चकत्या लाल झाल्या, मग तपकिरी झाल्या. धुरपदाबाईंचा झारा हलला नाही. जळका वास आला तेव्हा आबांनीच पुढे होऊन कढई उतरवली. त्यांच्या संसारात वेफरचा घाणा जळलेला आबांनी कधी पाहिला नव्हता.

मग धुरपदाबाई बोलल्या त्या माहेरच्या बोलीत, जी इतक्या वर्षांत फक्त रागात आणि देवाशी बोलताना त्यांच्या तोंडी यायची.

“म्हंजे एकला तुमलेच नही धाडं घर? बठ्ठासले?”

आबा म्हणाले, हो. जगभरातल्या सगळ्या रेडिओवाल्यांना. कुणी आधी, कुणी नंतर, पण सगळ्यांनाच.

धुरपदाबाईंनी तेलकट हात पदराला पुसले, जे त्या कधी करत नसत, आणि देवघराच्या दिशेला तोंड करून कपाळाला लावले.

“मी एकच मानूस मांगं व्हतं तिनाजोडे. एकच. तिनी एक मानूसकरता बठ्ठी दुनियाना कायदा बदली टाका.”

 इतकी वर्षं आबांनी ज्या शब्दांची भीती धरली होती, ते हे नव्हतेच. आपण टाकून दिलेला माणूस, हे ते स्वतःला सांगत आले होते. आणि ही बाई सांगत होती की तुम्हाला हुडकून आणायला मुक्ताईला सगळे समुद्र गप्प करावे लागले. त्यांना हसू आलं. पण धुरपदाबाईंचा चेहरा तेवढ्यात उतरला. दुसराच विचार त्यांच्या मनात शिरला होता.

“मंग बाकीनास्नं काय व्हयनं? त्यास्ना लेकरं व्हती. मन्हा नवसपायी त्यास्नी भाकर गयी का?”

आबांनी समजावलं की असं नसतं. हे ठराव कित्येक वर्षं आधी ठरले होते, तुझ्या नवसाच्याही आधी. त्या म्हणाल्या, मुक्ताईला आधी-नंतर नसतं. आबा म्हणाले, बरेच जण दुसऱ्या कामाला लागले, कुणी जहाजावरच विजेचं काम धरलं, कुणी दुकान टाकलं असेल. असेल म्हणजे? तुम्हाला माहीत नाही? आबांनी मान हलवली. खरंच माहीत नव्हतं. स्वतःचंच दुःख एवढं जपलं होतं की त्या सगळ्या हातांचं पुढे काय झालं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी काटा नऊवर आला. आबांनी टीव्हीचा आवाज बंद केला नाही. त्यांना वाटलं, आता कशाला. धुरपदाबाईंनी समईची वात पुढे सारली आणि त्यांच्याकडे एकदा नुसतं बघितलं. आबांनी उठून टीव्ही बंद केला.

शुक्रवारी तिघं मुक्ताईला गेले. ज्ञानेश्वरभाऊंनी गाडी दिली होती, पण देवळाच्या कमानीपाशी धुरपदाबाई उतरल्या आणि चपला काढून चालायला लागल्या. गुडघ्यांनी हल्ली त्रास द्यायला सुरुवात केली होती, तरी कुणाचा हात धरला नाही. हितेंद्र पायरीशी वाट बघत उभा राहिला. कोणतं वचन मागितलं जाईल, हे त्याला माहीत नव्हतं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“तुझ्या खिशात रेडिओचा जो कागद आहे ना, त्यात यांचं काम आहे,” त्या म्हणाल्या. “ते नीट कर. बाकी काही मागत नाही.”

हितेंद्रने पायरीवर हात ठेवला आणि हो म्हटलं. ते खरं बोलणं होतं, म्हणून त्याचा आवाज मोकळा निघाला.

मग त्यांनी ओटीचं सामान काढलं. खण-नारळ, तांदूळ, आणि सोबत कापसाच्या वातींचा मोठा पुडा. पुजारी ओळखीचे. नवस का, म्हणून त्यांनी विचारलं. धुरपदाबाई म्हणाल्या, नवस नाही; माझ्या मागण्यापायी काही लोकांची कामं गेली, त्यांच्या घरच्यांसाठी दिवे लावायचेत. पुजाऱ्यांना हे नीटसं उमगलं नाही, पण त्यांनी हात जोडले आणि नावं सांगा म्हटलं, संकल्पात घेतो.

धुरपदाबाईंनी आबांकडे पाहिलं.

आबा दगडी फरशीवर मांडी घालून बसले होते. नावं त्यांच्याकडे नव्हतीच. त्यांनी डोळे मिटले. मग उजव्या हाताचं पहिलं बोट गुडघ्यावर हलू लागलं. चार अक्षरं. थांबणं. पुन्हा चार अक्षरं. इतक्या वर्षांत त्या बोटाने केळीची पानं कापली होती, पंपाचे खटके ओढले होते, आणि तरी आत सगळं जसंच्या तसं होतं. सपासप जाणारा हात वेगळा, लाजरा वेगळा, आणि एकाचं ते टोचून दिलेलं शेवटचं टिंब आलं तेव्हा आबांच्या ओठांवर हसू उमटलं.

पुजारी काही विचारणार, तेवढ्यात धुरपदाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांना त्या टिंबा-रेघांतलं एक अक्षर कळत नव्हतं. पण नाव घेतलं जातंय, एवढं कळत होतं. दर थांबण्याला त्या एक वात लावत गेल्या. मागे रांगेत उभी असलेली माणसंही, का कोण जाणे, बोलायची थांबली.

बोट थांबलं. धुरपदाबाईंच्या हातात एक वात उरली होती.

“झाले बठ्ठे?”

“एक राहिला,” आबा म्हणाले.

अरबी समुद्रातल्या त्या बारीक हाकेची अक्षरं सांगायची वेगळी गरज नव्हती. आबांनी फक्त त्याचा हात आठवला. गुडघ्यावर रेघ लांबली, दमल्यासारखी, आणि टिंबाशी येऊन जराशी अडखळली.